पिकासोची नवअभिजात मुद्राचित्रे कशी पाहावीत

पाब्लो पिकासो म्हटले की बहुतेकांना मोडून पुन्हा जोडलेले चेहरे आठवतात, आणि म्हणूनच त्याच्या ‘व्होलार संचा’तील पाने प्रथम पाहणारा गोंधळतो. या संचात १०० मुद्राचित्रे, म्हणजे मुख्यतः सुईने पत्र्यावर काढून कागदावर छापलेली चित्रे, आहेत. पॅरिसमधील चित्रविक्रेता आंब्रुआझ व्होलार याच्यासाठी पिकासोने ती १९३० ते १९३७ या काळात केली, आणि त्यांतील ४६ पाने एकाच विषयाला वाहिलेली आहेत : शिल्पकाराचे कामाचे दालन. डोक्यावर पानांची माळ घातलेला दाढीधारी शिल्पकार, त्याच्याजवळ रेलून बसलेली निर्वस्त्र तरुणी, चौथऱ्यावर ठेवलेले मस्तक आणि क्वचित उघड्या खिडकीतून दिसणाऱ्या टेकड्या एवढाच त्यांचा पसारा आहे. रेषा बारीक, कागद मोकळा आणि छाया जवळजवळ नाहीच. इतकी सोपी दिसणारी चित्रे पाहायलाही शिकावे लागते यावर सहज विश्वास बसत नाही. परंतु या पानांचे सारे सामर्थ्य काढलेल्या रेषेइतकेच गाळलेल्या रेषेत आहे, आणि गाळलेले वाचायचे तर डोळ्याला आणि हातालाही थोडी तयारी करावी लागते.

मुंबईत बसून ही पाने पाहायची म्हणजे बहुधा पुस्तकात किंवा पडद्यावर पाहायची. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही, कारण रेषाप्रधान चित्र पुनर्मुद्रणात रंगचित्राइतके बिघडत नाही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने २०११ मध्ये हा संपूर्ण संच मिळवला असून त्याच्या संकेतस्थळावर पाने मोठी करून पाहता येतात. मात्र शंभर पाने एका बैठकीत सरकवत जाऊ नये. एका वेळी तीन किंवा चार पाने पुरेशी आहेत, आणि सुरुवात शिल्पकाराच्या दालनापासूनच करावी. मिनोटॉरची, म्हणजे बैलाचे शिर आणि माणसाचे धड असलेल्या ग्रीक कथेतील प्राण्याची, पाने अधिक नाट्यमय असल्याने नवखा माणूस तिकडे आधी ओढला जातो. पण तेथे कथेकडे लक्ष जाते आणि रेषा निसटते.

आधी फोर्टमध्ये एक फेरी

पिकासोची अभिजात, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन धाटणीची, आकृती पुतळ्यांतून आलेली आहे. त्याचे वडील चित्रकलेचे शिक्षक होते आणि मुलाने लहानपणी कला-शाळेत प्लॅस्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून रेखाटनाचे धडे गिरवले होते. पुढे १९१७ मध्ये तो एका बॅलेच्या कामासाठी रोमला गेला, तेथून नेपल्स आणि पाँपेई पाहून आला, आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांत त्याच्या चित्रांत भक्कम, संथ, संगमरवरी वाटणाऱ्या आकृती अवतरल्या. त्यात आंग्र या फ्रेंच चित्रकाराच्या रेखाटनांचा संस्कारही मिसळला होता. घनवाद, म्हणजे आकार मोडून अनेक बाजू एकत्र दाखवण्याची रीत, सोडून तो मागे वळला असे त्या वेळी अनेकांनी म्हटले. प्रत्यक्षात तो दोन्ही रीतींनी एकाच काळात काम करत होता, आणि हे लक्षात ठेवले तर १९३० नंतरची ही पाने समजायला सोपे जाते.

म्हणून पाने उघडण्यापूर्वी एखादा पुतळा नीट पाहून यावा, आणि त्यासाठी मुंबईकराला फार लांब जावे लागत नाही. हुतात्मा चौकातील फ्लोरा फाउंटन १८६४ मधले आहे. पोर्टलँड दगडातील त्या कारंज्याच्या माथ्यावर फ्लोरा ही रोमन देवता उभी आहे. ऊन तिरपे असताना तिच्याभोवती हळूहळू फिरावे आणि केवळ एवढेच पाहावे की आकाशाच्या पार्श्वभूमीवर तिची बाह्यरेषा पावलागणिक कशी बदलते. खांदा कोणत्या ठिकाणाहून दिसेनासा होतो, वस्त्राची घडी कोठून अंगाची रेषा आपल्याकडे घेते, हे मनात टिपावे. तेथून चालत टाउन हॉलपर्यंत जावे. १८३३ मध्ये पूर्ण झालेली ही इमारत डोरिक स्तंभांची असून तेथे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. जगन्नाथ शंकरशेट आणि एल्फिन्स्टन यांचे संगमरवरी पुतळे आत आहेत. नवअभिजात शिस्त म्हणजे काय, म्हणजे कोणतीही हालचाल थांबवून तिला तोल देणे, भावना चेहऱ्यावर न आणता देहाच्या ठेवणीत आणणे, हे तेथे दगडात दिसते.

या संदर्भात गणपतराव म्हात्रे यांची ‘मंदिरपथगामिनी’ विसरता येत नाही. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी असताना, १८९६ च्या सुमारास, त्यांनी प्लॅस्टरमध्ये घडवलेली ही तरुणी पूजेला निघालेली मराठी मुलगी आहे, आणि तरीही तिच्या उभे राहण्यात ग्रीक पुतळ्यांचा अभ्यास स्पष्ट जाणवतो. जे. जे.मध्ये पिढ्यानपिढ्या विद्यार्थ्यांनी ग्रीक पुतळ्यांच्या प्लॅस्टर प्रतिकृतींवरून हात तयार केला होता. परक्या परंपरेतून शिकलेली शिस्त आपल्या माणसाच्या देहावर कशी चढवावी, हा म्हात्र्यांपुढचा प्रश्न होता; ती शिस्त पाठ असलेल्या माणसाने तिचे पुन्हा काय करावे, हा पिकासोपुढचा. ‘मंदिरपथगामिनी’च्या छायाचित्राशेजारी व्होलार संचातील एखादी उभी तरुणी ठेवून पाहिली तर साडीच्या चुण्यांनी जे काम केले आहे तेच काम पिकासोने कोऱ्या कागदाकडून कसे करून घेतले, हे कळू लागते.

एक पान, एक आकृती

आता पान समोर घ्यावे. संपूर्ण रचना एकदा पाहून झाली की तिच्यातील एकच आकृती निवडावी, शक्यतो विसावलेली तरुणी, आणि मानेच्या मागच्या बाजूपासून रेषेचा माग घ्यावा. नजर रेषेइतक्याच वेगाने चालवावी. थोड्याच वेळात असे ठिकाण येते जेथे रेषा संपते आणि आकार मात्र पूर्ण झालेला नसतो : काखेजवळ, कमरेच्या वळणावर, गुडघ्याच्या मागे. त्या ठिकाणी थांबावे. पुढचा आकार आपल्या डोळ्याने आपण होऊन पुरा केलेला असतो, आणि चित्रकाराने ते काम जाणूनबुजून आपल्यावर सोपवलेले असते.

यानंतर विचारण्याचा प्रश्न असा की छाया नसताना हा देह भरीव का वाटतो. त्याची उत्तरे पानावरच आहेत. जेथे एक रेषा दुसरीच्या मागे जाऊन थांबते तेथे एक अवयव पुढे आणि दुसरा मागे जातो. मांडीवर ठेवलेला हात पाहताना बोटांची रेषा मांडीची रेषा कोठे अडवते ते शोधावे. दुसरे असे की पिकासो केस, दाढी, पानांची माळ आणि फुलदाणीतली फुले यांच्यावर रेषांची दाटी करतो, तर पोट, मांडी, पाठ पूर्ण कोरी ठेवतो. या दाट आणि विरळ यांच्या शेजारामुळे कोरा कागद कागद राहत नाही, त्याला कातडीचा उजळपणा येतो. कोरी जागा हाताने झाकून पाहावी. उरलेला चेहरा आणि केसांचा गुंता यांचा तोल लगेच ढळतो.

घारापुरीची लेणी पाहिलेल्या वाचकाला येथे एक ओळख पटेल. आपल्या शिल्पपरंपरेतही स्नायूंचा तपशील न दाखवता, आतून श्वास भरल्यासारख्या गोलाईने देह उभा केला जातो. दोन्हींचा ऐतिहासिक संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही. पण शरीरशास्त्राचा तपशील म्हणजेच मानवाकृतीचे ज्ञान अशी जी समजूत शाळेपासून आपल्या डोक्यात बसते, ती बाजूला ठेवायला घारापुरीची सवय उपयोगी पडते.

शरीररचनेच्या चुका मात्र आवर्जून शोधाव्यात. या पानांतील हात पुष्कळदा अवाजवी मोठे असतात, पाय जाड आणि जड असतात, आणि एखाद्या चेहऱ्यात बाजूने दिसणारे नाक व समोरून दिसणारा डोळा एकत्र आलेले असतात. घनवाद गेलेला नाही, तो संथ रेषेच्या खाली आहे. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा ४ मे १९३३ च्या पानावर मिळतो. तेथे एक निर्वस्त्र तरुणी उभी आहे आणि तिच्यासमोरचे शिल्प मात्र लाकडी सामानाचे तुकडे व शरीराचे अवयव एकमेकांत अडकवून केल्यासारखे आहे. दोन्हींची रेषा तीच. एकाच सुईने काढलेले हे दोन प्रकारचे देह आलटून पालटून पाहावेत; माझ्या मते संपूर्ण संचाची किल्ली या एका पानात आहे.

आणखी एक गोष्ट या टप्प्यावरच पाहिली पाहिजे : कोण कोणाकडे पाहत आहे. कपाळ आणि नाक एका सरळ रेषेत असलेला तरुणीचा चेहरा मारी-तेरेझ वॉल्टर हिचा आहे. १९२७ मध्ये ती पिकासोला भेटली तेव्हा ती १७ वर्षांची होती आणि तो ४५ वर्षांचा विवाहित पुरुष होता. दालनाच्या पानांवर शिल्पकार अनेकदा तिच्याकडे न पाहता तिच्यावरून घडवलेल्या मस्तकाकडे पाहतो, आणि ती दोघांपासून दूर कोठेतरी पाहत असते. संचातील काही पानांवर तर उघड बळजबरी आहे. रेषा सुंदर आहे म्हणून त्याकडे डोळेझाक करू नये आणि विषय खटकतो म्हणून रेषाही टाकून देऊ नये. नजरांच्या दिशा बोटाने दाखवता आल्या की शिल्पकाराचा एकटेपणा आणि मॉडेलचा परकेपणा दोन्ही पानातूनच समोर येतात.

पत्रा, मेण आणि आम्ल

ही चित्रे कागदावर काढलेली नाहीत, हे सतत ध्यानात ठेवावे लागते. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेण, डांबर आणि राळ यांचा पातळ थर देतात. चित्रकार सुईने तो थर खरवडतो, तेवढ्या जागी तांबे उघडे पडते, आणि मग पत्रा आम्लात बुडवला की उघडी जागा खाल्ली जाऊन खाच तयार होते. खाचांत शाई भरून पत्र्याचा पृष्ठभाग पुसून घेतात, त्यावर ओलसर कागद ठेवतात आणि रूळांच्या प्रेसमधून दाबून काढतात. खाच किती खोल जाईल हे आम्ल ठरवते, हाताचा जोर ठरवत नाही, म्हणून एचिंगची रेषा आरंभापासून शेवटपर्यंत जवळजवळ सारख्या जाडीची राहते. पेन्सिलीने किंवा कुंचल्याने काढताना वळणावर रेषा जाड करून गोलाई सुचवता येते; येथे तो आधार नाही. सारख्या जाडीच्या रेषेतून वजन उभे करायचे तर रेषेची दिशाच अचूक असावी लागते.

भिंगातून पाहिल्यास तंत्रे वेगळी ओळखता येतात. एचिंगची रेषा तारेसारखी स्वच्छ दिसते. ड्रायपॉइंटमध्ये आम्ल नसते, सुई थेट धातू ओरबाडते, आणि तिच्या कडेला उठलेल्या धातूच्या कोरीत शाई अडकल्याने रेषेला मऊ, मखमली काठ येतो. ॲक्वाटिंटमध्ये राळेची भुकटी वितळवून पत्र्यावर कण चिकटवतात, त्यामुळे रेषेऐवजी करडा, कणीदार पट्टा मिळतो. रोजे लाकूरिएर हा पॅरिसचा निष्णात मुद्रक भेटल्यानंतर पिकासोने साखरेच्या द्रावणाने कुंचल्यासारखे काम करण्याची रीत आत्मसात केली, आणि नंतरच्या पानांत काळोख शिरला.

प्रत्येक मुद्राचित्र मूळ रेखाटनाच्या उलटे छापले जाते, आणि पाहणाऱ्याने याचा उपयोग करून घ्यावा. पानाची प्रतिमा मोबाइलमध्ये आडवी पालटून घ्यावी. पत्र्यावर काम करताना पिकासोला ती जशी दिसत होती तशी दिसेल. तो कोणत्या बाजूने सुरुवात करत असावा, कोणती लांब रेषा त्याने एका दमात ओढली असावी, हे पालटलेल्या चित्रात अधिक सहज जाणवते. पत्र्यावर तो पुष्कळदा ठिकाण आणि तारीख कोरत असे, वर्ष रोमन अंकांत लिहीत असे, आणि छापात ही अक्षरे कित्येकदा आरशातल्यासारखी उलटी येतात. दालनाची बहुतेक पाने १९३३ च्या वसंत ऋतूतील आहेत. तारखांच्या क्रमाने पाहत गेल्यास एका दिवशीचा प्रश्न दुसऱ्या दिवशीच्या पानावर पुढे चाललेला दिसतो. शिल्पाची जागा बदलते, मग त्याचे रूप बदलते, मग माणसाच्या मस्तकाऐवजी घोडे आणि बैल येतात.

दालनाची पाने डोळ्यांत मुरली की मगच १९३४ मधील आंधळ्या मिनोटॉरच्या पानांकडे वळावे. तेथे एका छोट्या मुलीचा हात धरून तो प्राणी चाचपडत चालतो, आणि त्यातील एका पानावर चांदण्यांची रात्र ॲक्वाटिंटच्या काळ्यातून खरवडून काढलेली आहे. १२ जून १९३६ चे निजलेल्या स्त्रीवरचे वस्त्र दूर करणाऱ्या फॉनचे, म्हणजे रोमन कथांतील अर्धा माणूस आणि अर्धा बोकड असलेल्या वनदेवाचे, पान त्याच्याजवळ ठेवावे. त्यामागे डच चित्रकार रेम्ब्राँचे १६५९ मधील एचिंग आहे, आणि येथे आकृती रेषेने बांधलेली नसून प्रकाशाच्या पट्ट्यांनी कापलेली आहे. कोरा कागद आधी कातडी होता, आता तो खिडकीतून आलेला उजेड आहे. हा बदल ओळखता यावा म्हणूनच क्रम पाळायचा.

हाताने पाहणे

केवळ पाहून जे समजत नाही ते नक्कल करताना समजते. यासाठी साधा कागद आणि शाईचे बारीक टोकाचे पेन घ्यावे. पेन्सिल घेऊ नये, कारण खोडरबर जवळ असला की हात निर्णय पुढे ढकलतो. निवडलेल्या आकृतीची पाठ आणि खांदा यांची रेषा आधी हवेत दोन-तीन वेळा काढून पाहावी आणि मग न थांबता कागदावर उतरवावी. पहिल्या नकला ताठ येतील. त्या फाडू नयेत. मूळ पानाशेजारी ठेवून आपली रेषा कोठे घाईने बंद झाली तेवढे तपासावे. बहुतेकांच्या बाबतीत दोष एकच निघतो : पिकासोने जेथे जागा उघडी ठेवली तेथे आपण आकार बंद केलेला असतो.

नक्कल जमू लागली की जिवंत माणसाकडे वळावे. घरात वर्तमानपत्र वाचत बसलेले वडील, दुपारी चटईवर आडवी झालेली आई, हॉर्निमन सर्कलच्या बागेत बाकावर डुलकी घेणारा माणूस, यांपैकी कोणाचीही संथ बैठक या अभ्यासाला चालते. अनोळखी व्यक्तीचे रेखाटन करताना चेहरा ओळखू येईल असा काढू नये. कपड्यांतून देहाची रेषा शोधायची असल्याने हे काम निर्वस्त्र मॉडेलपेक्षा अवघड आहे, हेही सांगून ठेवतो.

प्रत्यक्ष एचिंग करायचे असेल तर ते घरच्या मोरीत करण्याचा मोह टाळावा. आम्लाच्या वाफा फुप्फुसांना घातक असतात. हवा बाहेर जाण्याची सोय, हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि जाणकार शिक्षक असलेल्या स्टुडिओतच हे काम करावे. या शहराला मुद्राचित्रणाची जुनी सवय आहे. चित्रकार अकबर पदमसी यांनी १९६९ ते १९७२ या काळात मुंबईत चालवलेल्या ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’मध्ये चित्रकारांना एचिंगची सोय उपलब्ध करून दिली होती, आणि स्वतः पदमसी आयुष्यभर मानवी मस्तक आणि देह यांच्याकडे परत परत येत राहिले. पहिल्या पत्र्यासाठी तळहाताएवढा आकार घ्यावा, एकच आकृती काढावी आणि आधी मेणाच्या थरावर सुईचा वेग सरावाने ओळखीचा करून घ्यावा.

पान विकत घेताना आणि सांभाळताना

मूळ पान विकत घेणे बहुतेकांच्या आवाक्यापलीकडचे आहे, पण समोर आले तर काय पाहावे हे माहीत असावे. व्होलार संच मोंव्हाल नावाच्या कागदावर छापला गेला. त्यात ‘व्होलार’ किंवा ‘पिकासो’ असे जलचिन्ह असते, आणि मोठ्या समासाच्या ५० प्रती वेगळ्या काढल्या होत्या. पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर बोटाला जाणवतो आणि शाईची रेषा किंचित उठावदार असते. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली तर ते साधे छापील पुनर्मुद्रण समजावे. पेन्सिलीची सही नसली म्हणून पान खोटे ठरत नाही. छपाई पुरी झाल्यावर १९३९ च्या जुलैमध्ये व्होलार मोटार अपघातात गेला, संच दुसऱ्या विक्रेत्याकडे गेला आणि पिकासोने पुष्कळ सह्या त्यानंतरच्या वर्षांत केल्या. म्हणून सहीपेक्षा पानाच्या मालकीचा लेखी इतिहास मागावा.

स्वतःचे छाप असोत की विकत घेतलेले पुनर्मुद्रण, मुंबईची दमट हवा दोन्हींची सारखीच शत्रू आहे. कागद काचेला चिकटू नये म्हणून मध्ये आम्लरहित पुठ्ठ्याची चौकट घालावी, मागे साधा पुठ्ठा किंवा प्लायवूड लावू नये, आणि पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर फ्रेम टांगू नये. भिंत आणि फ्रेम यांच्यामध्ये हवा खेळती राहावी म्हणून फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवावेत. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरमध्ये, फ्रेम उतरवून मागची बाजू तपासावी. कागदावर तपकिरी ठिपके दिसू लागले असतील तर ते घरी पुसण्याच्या फंदात न पडता कागदाच्या जतनाचे काम जाणणाऱ्या व्यक्तीकडे पान न्यावे.